कर्नाळ्याचा हिशेब माथ्यापासून

नवीन पनवेलमध्ये कर्नाळ्याचा बेत ठरला, की पहिला प्रश्न अंतराचा निघतो. रेल्वेचे रूळ ओलांडून एसटी स्टँड गाठायचा, पेण-अलिबागकडे जाणारी गाडी धरायची, बारा-तेरा किलोमीटरवर अभयारण्याच्या फाटकाशी उतरायचं. तिथून किल्ला तासा-दीड तासाचा, म्हणजे जेवायला घरी. या बेतात चूक अशी काही नाही, पण तो खालून वर आखलेला आहे. घरातून कधी निघायचं ते पक्कं असतं, चढायला किती लागेल त्याचा अंदाज असतो, आणि माथा किती वाजता सोडायचा याचा विचार माथ्यावर पोचल्यावर होतो. तो तिथे नीट होत नाही, कारण तोवर ऊन चढलेलं असतं, पाणी निम्म्यावर आलेलं असतं आणि कुणाचा तरी फोटो राहिलेला असतो. छोट्या, उभ्या चढाईचा बेत उलटा आखावा, असं माझं म्हणणं आहे. माथा सोडायची वेळ आधी ठरवायची आणि बाकी सगळ्या वेळा तिच्यावरून मागे मोजत यायच्या. लांबच्या वाटचालीत एखाद्या तासाची चूक पुढे भरून काढता येते. दोन-तीन तासांच्या चढाईत एक तास चुकला, तर सगळा दिवसच भलत्या वेळेत सरकतो.

ही जागा कशासाठी निवडली गेली ते पाहिलं, तर असं का करायचं ते कळतं. कर्नाळा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि माथ्यावर शेसव्वाशे फुटांचा सुळका उभा आहे. किल्ल्याचा विस्तार बेताचा. मोठी शिबंदी ठेवण्याजोगी ही जागा नव्हे. तरीही १५४० मध्ये अहमदनगरची निजामशाही, गुजरातचे सुलतान आणि वसईचे पोर्तुगीज या किल्ल्यावरून एकमेकांसमोर आले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेल्या किल्ल्यांत तो होता, १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांच्या ताब्यात आणला. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार, आणि त्यांचं शिरढोण पायथ्याजवळच. एवढ्याशा किल्ल्यासाठी एवढी ओढाताण झाली ती वरून दिसणाऱ्या टापूसाठी. बोरघाटातून उतरून बंदरांकडे जाणारी वाट, पनवेलची खाडी, पाताळगंगेचं खोरं, समोर प्रबळगड आणि माथेरान, दुसऱ्या अंगाला माणिकगड आणि सांकशी, हे सगळं एका जागी उभं राहून नजरेच्या टप्प्यात येतं. टेहळणीची जागा उघडी हवी, नाहीतर दिसणार कसं? ती उभ्या चढावर हवी आणि तिथे जाणारी वाट एकच हवी, म्हणजे राखायला सोपी. हेच तीन गुण आज वर जाणाऱ्याच्या तीन अडचणी आहेत. उघडी जागा म्हणजे सावली नाही, उभा चढ म्हणजे उतारही तितकाच उभा, आणि एकच वाट म्हणजे काही झालं तर निघायला दुसरा रस्ता नाही. जंगल राखणाऱ्यांनीही पुढे अशाच जागा निवडल्या. अमेरिकेत १९१० च्या प्रचंड वणव्यानंतर शिखराशिखरावर आग पाहणाऱ्यांच्या चौक्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी आता ओस पडल्या आहेत आणि तिथे आता हौशी लोक जातात. त्या वाटाही आखूड आणि उभ्या आहेत, आणि कारण हेच.

आता वेळेचं गणित. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम मांडला, तो आजही वापरात आहे. मीटरमध्ये सांगायचं तर दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. कर्नाळ्याची वाट एका बाजूने सुमारे अडीच किलोमीटर धरली, तर चालीची तीस मिनिटं होतात. फाटकापासून उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास वाढते, त्याची पस्तीस मिनिटं. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ नुसती उंची खाते आणि ‘किती लांब’ या प्रश्नाच्या उत्तरात ती कुठेच येत नाही. नेस्मिथचा हा तासाभराचा आकडाही तब्येतीने ठणठणीत, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आणि स्कॉटलंडच्या गार हवेतला आहे. आपल्याकडच्या दमट हवेत, घरातली मुलं आणि पन्नाशीचे काका बरोबर घेऊन, दीडपट ते दुप्पट वेळ धरावा. चढायला पावणेदोन तास, वर पाऊण तास, उतरायला सव्वा तास. मार्चमध्ये साडेदहाला माथा सोडायचा असेल, तर आठला पाय वाटेला लागलेले हवेत. फाटक उघडायची वेळ आणि एसटीची वेळ यांत हे बसत नसेल, तर बदलायचा तो महिना. साडेदहाची मर्यादा पुढे ढकलायची नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. पनवेलची पोरं चपला घालून वर जाऊन येतात, मग एवढ्या छोट्या चढाईला वेळापत्रक कशाला? पोरं जातात हे खरं. पण बरोबर कोण आहे आणि दिवस कुठला आहे, यावर सगळं अवलंबून असतं. १६ एप्रिल २०२३ रोजी इथून हाकेच्या अंतरावर खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. उन्हाच्या त्रासाने १४ माणसं दगावली. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. आणि ही माणसं डोंगर चढत नव्हती, बहुतेक जण बसून होते. कोकणातली उष्णता आकड्यात मावत नाही, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. उभ्या चढावर शरीर स्वतःच भट्टी पेटवतं आणि वर गेल्यावर काळा कातळ खालून तापलेला असतो. डोकं दुखणं, मळमळ, पाय वळणं ही पहिली खूण. तिथेच थांबावं, सावली गाठावी, अंगावर पाणी ओतावं. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो दमलाय अशी समजूत करून घेऊ नये. कपडे सैल करून त्याला गार करत राहावं, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, आणि १०८ ला फोन लावावा. रुग्णवाहिका फार तर महामार्गापर्यंत येईल. वरून तिथवर माणसाला उचलून आणायला किती वेळ लागेल, ते ज्याने त्याने मोजावं.

‘मग जुने पहारेकरी काय करायचे? ते तर वैशाखातही वरच असायचे,’ असंही कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर किल्ल्यावरच सापडतं. सुळक्याच्या पायाशी कातळात खोदलेल्या टाक्या आणि कोठारं आहेत. आत शिरलं की बाहेरच्या उन्हातला आणि आतल्या गारव्यातला फरक लगेच जाणवतो. ही माणसं वर राहत होती, पाणी आणि निवारा वरच होता, आणि भर दुपारी चढ-उतार करण्याची त्यांना गरज नव्हती. आपण दोन तासांचे पाहुणे. आपलं पाणी पाठीवर असतं. टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं असेल असं गृहीत धरू नये. माणशी दोन लिटर थंडीत आणि तीन लिटर फेब्रुवारीनंतर, हा माझा हिशेब. प्लास्टिकसाठी फाटकावर अनामत घेतात, पिशव्या तपासतात. त्याला कंटाळण्यापेक्षा स्टीलच्या बाटल्याच घेऊन जाव्यात. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामावाटे मीठ जातं. मीठ-साखरेचं लिंबूपाणी, काकडी, चिक्की एवढं पुरे. वेफर्सची पुडी माकडं दुरूनच ओळखतात, हा अनुभव इथे येणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येतो.

उन्हाइतकाच विचार आगीचा करायला हवा, आणि तो आपल्याकडे जवळजवळ कुणीच करत नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे ठराविक पट्ट्यांतलं गवत आणि पाचोळा आधीच जाळून वा काढून टाकतं. तरी वणवे लागतात आणि त्यांतले जवळजवळ सगळे माणसाच्या हातचे असतात. नवं गवत जोमाने यावं म्हणून लावलेली काडी, भातरोपांसाठी राब भाजताना हाताबाहेर गेलेली आग, शिकारीसाठी केलेला जाळ, आणि सहलीला आलेल्याने टाकलेलं बिडी-सिगारेटचं थोटूक. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोचेल असा विस्तव पेटवणं वा पेटता सोडणं हा गुन्हा आहे. त्यामुळे वर चहा करण्याची हौस असेल, तर थर्मास घ्यावा.

वणवा चढाला लागला की त्याची चाल बदलते. ज्वाळा उताराला टेकलेल्या असतात, वरचं गवत आधीच भाजून वाळतं आणि मग एकदम पेट घेतं. आगीचा अभ्यास करणारे ढोबळ मानाने सांगतात, की चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. तीस अंशांच्या उतारावर हा वेग सपाटीच्या आठपट झाला आणि माणूस तर चढावर मंदावतो. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात नेमकं हेच झालं. पायी भटकायला आलेले लोक वाळक्या गवताच्या उतारावर असताना वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जण गेले. त्यांचीही सहल फार मोठी नव्हती. आपल्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे. दुपारी समुद्रावरून वारं सुटतं आणि ते पश्चिमेकडच्या उतारांवर खालून वर येतं. सकाळी पाचोळ्यात रात्रीचा ओलावा असतो, दुपारी तो उडालेला असतो. म्हणजे ऊन, वारा आणि सर्वांत कोरडा पाचोळा एकाच वेळी जमतात. माथा साडेदहाला सोडावा हे एकट्या उन्हासाठी म्हटलेलं नाही, ते या कारणानेही.

धूर दिसलाच तर आधी तो आपल्या खाली आहे की वर, आणि वारा कुठून कुठे वाहतो आहे, ते पाहावं. खाली धूर असेल तर गवताच्या उतारावरून वर धावणं सर्वांत वाईट. उघडा कातळ, वाटेचा रुंद भाग, जाळरेषा किंवा आधीच जळून गेलेली जमीन, या जागा शोधाव्यात. नायलॉनचे आणि पॉलिस्टरचे कपडे वितळून अंगाला चिकटतात, म्हणून उन्हाळ्यात जायचंच असेल तर सुती बरे. आणि कळवावं: वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी आहे, ११२ तर सगळीकडे चालतो. उपग्रह आता आगी टिपतात, भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून त्यांवरून इशारे देतं, मग आपण कळवून काय होणार, असा विचार करू नये. उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा डोक्यावरून जातो. वर उभ्या असलेल्या माणसाला धुराची पहिली रेघ त्या क्षणी दिसते, आणि फाटकावरच्या वनरक्षकाला ती दिसतेच असं नाही. ‘कर्नाळ्याला आग लागलीय’ एवढ्याने कुणाला काही कळत नाही. महामार्गाची बाजू की रसायनीची, सुळक्यापासून कुठल्या अंगाला, गवत जळतंय की झाडी, असं सांगावं.

दुसरा मोठा आक्षेप पावसाळ्यावाल्यांचा. ऊन नको, वणवा नको, तर मग जुलैतच जावं. सगळा सह्याद्री तेव्हाच तर हिरवा असतो. हिरवा असतो हे कबूल. पण टेहळणीच्या जागेवर जाऊन ढगात उभं राहायचं, याला मी तरी वरून पाहणं म्हणणार नाही. आणि अडचण दृश्यापुरती नाही. उभ्या चढाच्या मातीत पाणी मुरलं की ती जड होते आणि खालच्या खडकावरची तिची पकड सुटते. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या ठाकर कुटुंबांना जी दरड कळली नाही, ती रविवारी आलेल्याला कळेल, असं मानण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक किल्ल्यांवर आणि धबधब्यांवर मनाई लावतं. ती मोडून गेल्याची फुशारकी मारणाऱ्यांना सोडवायला पुन्हा गावातलीच माणसं जातात. रिमझिम दिवशी, मनाई नसताना, पायथ्याच्या झाडीत पक्षी पाहत फिरणं ठीक. माथ्याचा हट्ट नको. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हे तीन-साडेतीन महिने. वाट वाळलेली, हवा त्यातल्या त्यात कोरडी, आणि स्थलांतर करून आलेले पक्षी झाडीत. एवढ्या हंगामाला कमी म्हणायचं कारण नाही.

थंडीतला कर्नाळाही उतरताना नडतो. साग-ऐनाची पानं गळायला लागली की वाटेवर वीतभर पाचोळा साठतो. चढताना चवडा त्यात रुततो आणि धरतो. उतरताना टाच आधी पडते, खाली सुपारीएवढे गोटे लपलेले असतात, आणि पान त्या गोट्यावरून मेणासारखं सरकतं. तोवर मांड्या थकलेल्या असतात, त्यामुळे तोल सावरायला जो झटका लागतो तो पायात उरलेला नसतो. म्हणून उतरायला सव्वा तास धरला. घाईने तो पाऊण तासावर आणण्यात मोठेपणा नाही. बुटाचा तळवा खाचांचा हवा. कॉलेजला घालून घालून गुळगुळीत झालेला बूट चपलेहून वाईट, कारण त्यावर माणूस विसंबतो. गुडघ्याचं दुखणं असलेल्याने काठी घ्यावी, आणि ती उतरायला काढावी.

माथ्यावर आणखी एक कारण आहे ज्यासाठी पाऊण तासाहून जास्त रेंगाळू नये. सुळक्याच्या कड्याला आग्या मोहळं लटकलेली असतात. मोठ्याने आरडाओरडा, दगड भिरकावणं, धूर, उग्र अत्तर यांनी ती उठतात. उठल्यावर अरुंद जागेत पळणं माशीपेक्षा धोक्याचं. डोकं-तोंड कापडाने झाकून, हातवारे न करता, वाटेने झाडीत खाली सरकावं. हा शहाणपणा आपल्या गटाने पाळला तरी शेजारच्या गटाने पाळायला हवा, आणि रविवारी वर गर्दी असते. त्यामुळे ‘गर्दी असते, काही झालं तर मदत मिळेल’ हा दिलासा मला उलटा वाटतो. एकच वाट असलेल्या ठिकाणी गर्दीने मदत येत नाही, ती अडकते. वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड खालच्याला लागतो आणि अरुंद जागी चढणारे-उतरणारे एकमेकांसाठी खोळंबतात. जमल्यास शनिवार किंवा आडवार पाहावा. आपण निघालो हे घरी कुणाला तरी सांगून ठेवावं, आणि किती वाजता फोन येईल तेही.

हाच हिशेब प्रबळगडाशेजारच्या कलावंतीणीच्या सुळक्याला लावून पाहा, म्हणजे त्याचा उपयोग कळेल. शेडुंग फाट्यावरून ठाकूरवाडी, तिथून प्रबळमाची, मग प्रबळगड आणि सुळका यांच्यामधली खिंड आणि कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या. सुळका समुद्रसपाटीपासून पावणेसातशे मीटरच्या पुढे आहे. ठाकूरवाडीपासून पाचशे मीटरहून जास्त चढ होतो, म्हणजे नुसत्या उंचीचीच पाऊण-एक तासाची बेरीज. शेवटचा कातळटप्पा हात-पाय लावून चढायचा, आणि तिथे एका वेळी एकच माणूस. वीस जणांच्या दोन टोळ्या पुढे असतील, तर ताशी किती माणसं वर जातील याचं कुठलंही सूत्र उपयोगी पडणार नाही. इथे माथा सोडायची वेळ ठरवून भागणार नाही, पायऱ्यांच्या पायथ्याशी परत फिरायची वेळही आधी ठरवावी लागते. समजा, ती साडेनऊ ठरली आणि साडेनऊला समोर रांग दिसली, तर पायऱ्यांना हात न लावता माचीवर उतरावं, तिथल्या घरी पिठलं-भाकरी सांगावी, आणि वेळ असेल तर प्रबळगडाच्या बाजूची झाडी पाहावी. दोन-अडीचला पनवेलच्या वाटेला लागलेलं असलं, म्हणजे झालं.